वेग धरू नका

डेपोत त्याला सगळे विमान म्हणत. आईबापांनी ठेवलेलं नाव हजेरीच्या वेळी तेवढं ऐकू यायचं, आणि तेव्हाही तो दुसऱ्याच कुणाला हाक मारली असेल अशा थाटात उभा राहायचा.

विमान जलद गाडीवर ड्रायव्हर होता. डोंगरावरच्या गावातून सकाळी निघालेली गाडी खालच्या शहराच्या स्टँडवर जाऊनच टेकायची. मधे थांबा नाही, चहा नाही, काही नाही. उतार संपला की पेट्रोलपंप लागायचा, तिथं बाया-बाप्यांची वेगवेगळी संडासं होती, पण विमान पंपाकडं मान वळवूनही बघत नसे. मागून कुणी चुळबुळ करत म्हणालं, "भाऊ, जरा पाच मिनिटं घ्या की बाजूला," की तो आरशातून असे डोळे वटारायचा की माणूस जागच्या जागी आखडून बसायचा.

"घरनं उरकून यायला काय झालं होतं?" तो ओरडायचा. "ही जलद गाडी आहे!"

एवढा रुबाब, पण आतून विमान पार खिळखिळं झालं होतं. त्याचं पोट साफ होत नव्हतं, आणि ते काही आजचं नव्हतं. "आत दगड बसलाय," असं तो म्हणायचा. सकाळी संडासात गेला की बाहेर यायचं नाव नाही. बायको दारावर थाप मारून विचारायची, "अहो, जागे आहात ना?" पोटात गुबारा धरायचा, दुपारी डोकं ठणकायचं, झोपेत पोटऱ्यांत गोळे यायचे आणि तो अंथरुणात उठून बसून पायाला शिव्या द्यायचा. गोळ्या झाल्या, पुड्या झाल्या. चार दिवस बरं वाटायचं, पाचव्या दिवशी दगड पुन्हा जागेवर.

एका सकाळी वळणावर डोकं इतकं ठणकलं की समोरच्या एका रस्त्याचे त्याला दोन दिसायला लागले. त्यातला बरोबर रस्ता त्यानं धरला म्हणून बरं. त्या संध्याकाळी तो कंडक्टरनं सांगितलेल्या वैद्यबुवांकडे गेला.

वैद्यबुवांची खोली कापडाच्या दुकानावर होती. जिन्यातच उकळलेल्या तेलाचा वास यायचा. आत बाकावर पेशंट खांद्याला खांदा लावून बसलेले. वैद्यबुवा बारीक अंगाचे, बोलणं त्याहून बारीक. त्यांनी विमानाची नाडी धरली, जीभ बघितली, पोट दाबलं.

"डोकं दुखतं?"

"ठणकतं."

"पोटऱ्यांत गोळे येतात?"

विमान उडालाच. पोटऱ्यांचं त्यानं अजून काही सांगितलंही नव्हतं. "तुम्हाला कसं कळलं?"

"काम काय करता?"

"ड्रायव्हर. जलद गाडी."

"मधे कुठं थांबता की नाही?"

"मी?" विमानाची छाती आपोआप पुढं आली. "विमान म्हणतात मला, वैद्यबुवा! एकदा सुटलो की सुटलो!"

"हं. तिथंच आहे तुमचं सगळं दुखणं," वैद्यबुवा म्हणाले. "वेग धरता तुम्ही. यापुढं वेग धरू नका. चूर्ण देतो, झोपताना एक चमचा गरम पाण्यातून. पण वेग धरलात तर माझ्या चूर्णाचा काही उपयोग नाही, हे आत्ताच सांगून ठेवतो."

तेवढ्यात कुणाचंसं तान्हं पोर टाहो फोडून रडायला लागलं, वैद्यबुवा तिकडं वळले आणि विमान चूर्णाची पुडी घेऊन जिना उतरला.

घरी बायकोनं विचारलं, "काय म्हणाले?"

"वेग धरू नका म्हणाले."

"बघा! मी लग्न झाल्यापासून तेच सांगतेय! तुमच्या मागं स्कूटरवर बसायचं तर माझा जीव मुठीत असतो. आतडी जागेवर राहतील कशी?"

विमानाला ते पटलं. गाडी पळते, अंग हादरतं, आतलं सगळं वर-खाली होतं, मग दगड बसणारच. दुसऱ्या दिवसापासून त्यानं गाडीचा वेग धरायचं सोडून दिलं.

आणि मग जलद गाडीची जी काही दशा झाली! दुधाची गाडी पुढं गेली. भंगारवाल्याचा टेम्पो पुढं गेला. सायकलवरचा एक म्हातारा खिडकीच्या बरोबरीनं चालला होता, तो आतल्या बाईंशी तब्येतीपाण्याच्या गप्पा मारून पुढं निघून गेला.

"वस्ताद," कंडक्टर पुढं येऊन कानाशी म्हणाला, "मागून हॉर्न मारतोय."

"मारू दे. ट्रक असेल."

"ट्रॅक्टर आहे, वस्ताद. ट्रॅक्टर!"

मागून उतारू सुटले. "विमानाचं इंधन संपलं का?" "अहो नाही, धावपट्टी शोधतायत!" विमान आरशात बघून गुरकावला, "ज्याला घाई असेल त्यानं उतरून चालत जा!" त्यावर मागचा एक म्हणाला, "चालत गेलो तर लवकर पोहोचेन, पण तिकिटाचे पैसे परत द्याल का?" आणि सगळी गाडी खदाखदा हसली.

आठवडाभर असं चाललं. रोज उशीर. शेवटी डेपोच्या साहेबांनी त्याला स्टँडवरच्या केबिनमध्ये बोलावलं.

"विमान, उद्या जरा जरी उशीर झाला, तर जलद गाडी काढून घेईन तुझ्याकडून. धुलाईच्या रॅम्पवर पाइप धरून उभा राहशील, निवृत्तीपर्यंत. कळलं?"

विमानाच्या पायाखालची जमीन सरकली. वेग धरावा तर तब्येत जाते, न धरावा तर गाडी जाते. रात्री त्यानं डोकं लढवलं. दुखणं लवकर बरं झालं तर वैद्यबुवांची बंदी लवकर उठेल, हो ना? मग एकच चमचा कशाला? त्यानं चूर्णाची मूठ भरली, तोंडात टाकली आणि वर गरम पाण्याचा तांब्या रिकामा केला.

सकाळी गाडी गच्च भरली होती. नेहमीच्या मास्तरीणबाई पहिल्या बाकावर, त्यांच्या मागं पिशवी मांडीवर घेतलेल्या एक आजी, मग कचेरीतली मंडळी. गाडी डोंगर उतरायला लागली, आणि पहिल्याच वळणावर विमानाच्या पोटात कुणीतरी कूस बदलली.

त्यानं दात आवळले. दुसऱ्या वळणावर पोटात चक्क ढोल वाजायला लागले. तिसऱ्या वळणावर त्याला घाम फुटला, कपाळावरून नाकावर, नाकावरून मिशीत. पोटातला दगड आज निघाला होता, आणि तो कुणाचं ऐकायला तयार नव्हता! विमानानं अंगातली सगळी ताकद एकाच जागी गोळा केली आणि स्टिअरिंग घट्ट धरून ठेवलं. गाडी पळवावी तर वैद्यबुवांची बंदी. हळू न्यावी तर भर गाडीत अब्रूचे धिंडवडे. थांबावं तर उशीर, आणि उशीर म्हणजे रॅम्प.

"वस्ताद, चेहरा हिरवा झालाय तुमचा," कंडक्टर म्हणाला.

"वैद्याला फोन लाव," विमान दातांच्या फटीतून बोलला. "विचार, आजच्या दिवस वेग धरू का. लवकर विचार!"

कंडक्टरनं फोन लावला. इंजिनच्या आवाजात ऐकू येईना म्हणून त्यानं स्पीकर चालू केला आणि फोन उंच धरला.

"वैद्यबुवा, आमचे ड्रायव्हरसाहेब विचारतायत, आजच्यापुरता वेग धरला तर चालेल का?"

"अजिबात नाही!" वैद्यबुवांचा बारीक आवाज गाडीभर घुमला. "एवढं बजावून सांगितलं होतं ना?"

"अहो पण पोहोचायला उशीर होतोय! आठवडाभर गाडी बैलगाडीसारखी चालवतायत ते!"

मग वैद्यबुवा म्हणाले, "गाडीचा इथं काय संबंध?"

"तुम्हीच म्हणालात ना, वेग धरू नका!"

"अरे देवा! पोटातला वेग, पोटातला! संडासला लागली, दाबून ठेवली, तो वेग धरला! लघवी दाबली, तो वेग धरला! शिंक, जांभई, ढेकर, भूक, तहान, झोप, रडू, आलेलं काही अडवायचं नाही! तुमचा ड्रायव्हर वर्षानुवर्षं सगळं आत कोंडून बसलाय, डोकं दुखेल नाहीतर काय! धरायचा असतो तो राग. ही ड्रायव्हर मंडळी राग सोडतात आणि सोडायचं ते धरतात! आत्ता काय होतंय त्याला?"

"हिरवे झालेत, वैद्यबुवा."

"मग थांबवा ना गाडी!"

आणि मग विमानानं वेग धरला, रस्त्यावरचा! उरलेली दोन वळणं गाडी अशी उतरली की आजींची पिशवी मास्तरीणबाईंच्या मांडीवर गेली. करकचून ब्रेक लागला, पेट्रोलपंपाच्या कट्ट्यापाशी गाडी थबकली, दार उघडलं, आणि आजन्म न थांबलेलं विमान दोन्ही हातांनी पट्टा सोडत पळत सुटलं. मागं गाडीभर हशा, टाळ्या, शिट्ट्या!

बऱ्याच वेळानं तो बाहेर आला. अंग पिसासारखं हलकं झालं होतं. हसतील ते हसू देत, असं मनाशी म्हणत तो गाडीपाशी आला, तर गाडी रिकामी!

सगळी मंडळी संडासांपुढं रांगेत उभी होती. पुरुषांची रांग आखूड, बायकांची पार हवेच्या मशीनपर्यंत. आजी नंबर लावून पिशवीवर बसल्या होत्या.

"हे काय? तुम्हालाही?" विमान म्हणाला.

"तुमच्या गाडीत बसायचं म्हणून मी घरनं निघताना पाण्याचा घोट घेत नाही, दादा," मास्तरीणबाई म्हणाल्या. "चहासुद्धा नाही. पहिल्या तासाला फळ्यापुढं उभी राहते तेव्हा डोकं फुटत असतं."

"माझी तर सारखी जळजळ," आजी म्हणाल्या. "लेकीकडं जायचं म्हटलं की आदल्या दिवसापासून पाणी बंद."

"मग बोलायचं होतं की!"

"बोललो होतो," रांगेतून एक जण म्हणाला. "तुम्ही डोळे वटारलेत."

विमानानं रांगेकडं बघितलं. तो कंडक्टरवर खेकसला, "बघतोस काय? ती पुरुषांची बाजू मोकळी झाली, तिकडं बाहेर उभा राहा आणि बायांना सोड आत! चला, चला, आवरा!"

गाडी स्टँडवर पोहोचली तेव्हा व्हायचा तेवढा उशीर झालेला होता. साहेब फाटकातच उभे होते.

"रॅम्प," ते म्हणाले.

"साहेब, गाडी पंपावर थांबवली होती."

"कशाला?"

"हगायला," विमान म्हणाला. आता लाजायचं काय राहिलं होतं?

साहेबांनी तोंड उघडलं, पण मागून मास्तरीणबाई पुढं आल्या. "साहेब, सगळेच गेलो होतो. यांना रॅम्पवर घालणार असाल तर आम्हा सगळ्यांना घाला. आणि उद्यापासून ही गाडी तिथं थांबली पाहिजे. एवढ्या लांबच्या गाडीत माणसं कोंबता आणि त्यांना पोटं आहेत हे विसरता?"

"माझंच पोट दाखवू का?" आजी म्हणाल्या.

साहेब एक पाऊल मागं सरकले. "थांबा मिळेल," ते म्हणाले. "पण पोहोचायची वेळ आहे तीच राहील. उद्या जमलं तर गाडी तुझी, विमान. नाही जमलं तर पाइप हातात."

दुसऱ्या दिवशी विमानानं गाडी काढली तेव्हा उतारूंचे डोळे लकाकत होते. सगळे घरून पोटभर पाणी पिऊन आले होते! वळणं त्यानं जपून घेतली, सरळ रस्त्यावर मात्र गाडीला मोकळं सोडलं. दुधाची गाडी मागं पडली. भंगारवाला मागं पडला. पंपावर दार उघडताच बाया पदर खोचून पळाल्या, कंडक्टर ओरडत होता, "एक जण आत, एक जण तयार, बाकीचे गप्पा बंद!" एक तरणा पोरगा हात धुवून आरशात भांग पाडत बसला, त्याला आजींनी दंडाला धरून गाडीत आणलं. विमानाच्या ओठावर सणसणीत शिवी आली होती, ती त्यानं गिळली. राग धरायचा, बाकी सोडायचं. घंटी वाजली. चला!

शहराच्या तोंडाशी मालाचा ट्रक आडवा उभा होता. कालचा विमान असता तर ट्रकवाल्याच्या सात पिढ्या उद्धरल्या असत्या. आज त्यानं मान बाहेर काढून विचारलं, "भाऊ, जरा घेता का मागं? गाडीत आजी आहेत." ट्रकवाला बावचळला आणि त्यानं ट्रक मागं घेतला. मास्तरीणबाई ओरडल्या, "डावीकडनं घ्या, दादा, शाळेच्या गल्लीतनं, रस्ता रिकामा असतो!" गाडी गल्लीत शिरली, गल्लीतून मोठ्या रस्त्यावर, आणि स्टँडचं फाटक समोर. माणसं बाकावर उभी राहिली होती.

साहेब केबिनच्या दारात चहाची कपबशी घेऊन उभे होते. त्यांनी भिंतीवरच्या घड्याळाकडं बघितलं, गाडीकडं बघितलं, पुन्हा घड्याळाकडं बघितलं. घड्याळ बंद पडलंय की काय म्हणून कान लावून ऐकलंही.

"विमान!" त्यांनी हाक मारली. "वेळेवर आलास! ये इकडं, बस, चहा घे!"

"आलोच, साहेब," विमान दारातून उडी टाकत म्हणाला, आणि थेट उलट्या दिशेला पळाला. सकाळपासून त्यानंही तांब्याभर पाणी प्यायलं होतं, आणि पंपावरच्या घाईत त्याचं स्वतःचं राहूनच गेलं होतं.