भोकं मोजणाऱ्या बाई

उद्यमनगरातल्या एका वर्कशॉपमध्ये मी अकरा वर्षं भोकं मोजली. आता तिथली जुनी माणसं कुणाच्या लग्नात भेटली, की जेवताना एकातून एक किस्से निघत जातात, आणि निम्म्या किश्शांत मी कुणावर तरी तापलेली असते. परवा भाचीनं विचारलं, मावशी, तू एवढी चिडकी होतीस? होते. का होते ते ऐका.

चौऱ्याण्णव-पंच्याण्णवचा सुमार. मेकॅनिकलचा डिप्लोमा करून मी इन्स्पेक्शनला लागले. आमच्याकडे शेतीपंपांच्या इंजिनचे लायनर व्हायचे. लायनर म्हणजे ज्याच्यात पिस्टन खालीवर पळतो ती बिडाची नळी. तिचं आतलं भोक मापात आहे का, हे बघायचं माझं काम. एका मिलिमीटरचे शंभर भाग करा. त्यातल्या दोन भागांची चूक चालायची, तिसऱ्याची नाही.

पहिल्याच आठवड्यात मी मोठ्यानं विचारलं, "हे भोक कुणी पाडलंय?" सगळं शॉप खाली माना घालून खी खी करायला लागलं. मालकांनी केबिनमध्ये बोलावून घेतलं. शॉपमध्ये सगळे बाप्येच आहेत, तेव्हा तो शब्द नको, बोअर म्हणत जा, असं त्यांनी भिंतीकडं बघत सांगितलं. हसणारे ते, आणि शब्द बदलायचा मी! माझं डोकंच फिरलं. बाहेर आले आणि सगळ्या लायनरवर खडूनं ठळक लिहून टाकलं: भोक लहान, भोक मोठं, भोक तिरकं. दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी भोकं कातणारा एक बोरिंगवाला आला आणि पडल्या चेहऱ्यानं म्हणाला, "मॅडम, माझं भोक मोठं न्हाय, परत बघा की." या वेळी हसले ते त्याला.

*

लायनरशिवाय छोट्या ब्रॅकेटचंही काम असायचं. त्यांच्या भोकांना प्लग गेज लागतो. पक्क्या मापाचा पोलादी दट्ट्याच तो. एक टोक भोकात जायला पाहिजे, दुसरं जाता कामा नये. ड्रिलवर दत्तूमामा होते, शिवाजी पेठेतले, वयानं माझ्या वडिलांएवढे. एकदा त्यांच्या अख्ख्या ट्रेमधल्या एकाही भोकात गेज जाईना. मी ट्रे परत पाठवला. अर्ध्या तासात मामा ट्रे आणि गेज घेऊन हजर. बघा म्हणाले, आता जातंय. खरंच जात होतं, एकूण एक भोकात, लोण्यात घातल्यासारखं. एवढ्यात सगळी भोकं कशी वाढवली, म्हणून मी विचारलं.

"भोकं कशाला वाढवू?" मामा म्हणाले. "गेजच जरा पॉलिश पेपरनं घासला."

 

*

लायनरला मात्र बोअर गेज. एक दांडी, खालचं टोक भोकात घालायचं, वर घड्याळासारखी डायल. त्या टोकाला धुळीचा कण चिकटला तरी काटा खोटं बोलतो. एका वर्षी खंडेनवमीला मालकांनी सगळ्या हत्यारांची पूजा केली. दसऱ्यानंतर दोन दिवस मी रजेवर होते. परत आले तर मालक लालबुंद. तुमचा गेज बिघडला म्हणाले. झालं असं होतं, की काम सुरू झाल्यापासून गेज प्रत्येक भोक लहान दाखवत होता, म्हणून पोरांनी ती आणखी कातली, आणि अठरा लायनर भंगारात जायच्या लायकीचे झाले होते. मी गेजचं टोक उजेडात धरलं. त्यावर कुंकू वाळून घट्ट बसलेलं. हे कुणी पुसलं कसं नाही, म्हणून मी ओरडले.

मालक शांतपणे म्हणाले, "देवाचं हाय ते. पुसतंय कोण?"

*

एकदा पुण्याहून गिऱ्हाइकाचा इन्स्पेक्टर आला. मी गेज हातात घेऊन उभी, आणि त्यानं मला चहा सांगितला, साखर कमी. मालक ऐकत होते.  मी निमूट चहा आणून ठेवला. मग त्यानं पाच नग मोजायला घेतले. गेज तिरका धरला होता, त्यामुळे प्रत्येक भोक मोठं दिसायला लागलं. सगळा माल रिजेक्ट, म्हणाला. मालकांना घाम फुटला. मी त्याच्या हातातून गेज घेतला, भोकात घालून हलक्या हातानं पुढंमागं डोलवला, आणि काटा जिथून माघारी फिरतो ते खरं माप, हे त्याला दाखवलं. पाचही नग मापात निघाले. त्यानं मला पहिल्यांदा नीट बघितलं आणि विचारलं, "तुम्ही इथं काय असता?"

"चहा देते," मी म्हटलं.

*

आणि हा शेवटचा. दोन हजार सालानंतरचा.

एका लॉटची भोकं चार-चार भाग मोठी झाली होती. अशात पिस्टन बसतो, पण इंजिन तेल पितं आणि लवकर निकामी होतं. मी सही नाकारली. दारात ट्रक उभा होता. मालकांनी आधी समजावलं, मग आवाज चढवला. तीन-चार भागांनी काय आभाळ कोसळतंय, आणि शेतकरी काय गेज घेऊन बसलाय, असं म्हणाले. शेवटी माझ्यादेखत तपासणीच्या कार्डावर स्वतःच सही ठोकली. ट्रकमध्ये मावले तेवढे गेले, उरलेले रॅकवर आले.

मी राजीनामा लिहिला. चार दिवस पर्समध्ये घेऊन फिरले आणि फाडून टाकला. वडील अंथरुणाला खिळलेले, घरात पगार माझा एकटीचा. मालकांपेक्षा मला माझाच राग जास्त आला. तो अजून गेलेला नाही.

पुढच्या उन्हाळ्यात एका दुपारी मालक स्वतः माझ्या टेबलापाशी आले. एरवी बोलावून घ्यायचे. गावाकडं त्यांचा ऊस होता. तिथल्या पंपाचं इंजिन खोलून ठेवलंय, ऊस वाळायला लागलाय, एक लायनर पाहिजे, म्हणाले. मी रॅककडं बघितलं. वरच्या खणात माझ्या सहीचे लायनर होते, खालच्या खणात मालकांच्या सहीचे. कागदावर माप एकच. कुठला देऊ, म्हणून विचारलं.

मालकांनी मागं वळून कुणी ऐकत नाही ना ते बघितलं.

"तुमच्या सहीचा," ते म्हणाले.