ज्याला पटणार नाही, त्याला आधी

जगात सध्या जी काही थोडीफार शांतता उरली आहे, ती आमच्या साडूंच्या पत्रव्यवहारामुळे उरली आहे, असं माझं ठाम मत आहे. आणि आमच्या दोन घरांत जी नाही, तीही त्याच पत्रव्यवहारामुळे. साडू म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे, अक्कांचे, यजमान. सगळं आष्टा त्यांना ‘सर’ म्हणतं, म्हणून मीही म्हणतो. उसाला वारेमाप पाणी पाजून आपण ज्या रानांचं मीठ वर आणलं, त्या क्षारपड रानांवर त्यांनी सांगलीच्या कॉलेजात उभा जन्म संशोधन केलं. ते निवृत्त झाले तेव्हा आम्हाला वाटलं, आता माणूस जरा निवांत होईल, चार घरी जाईल, संध्याकाळी एसटी स्टँडपर्यंत फिरून येईल. त्याऐवजी ते पत्रं लिहायला बसले, ते अजून उठलेले नाहीत.

सकाळी अंघोळ झाली की जेवणाच्या टेबलावर त्यांचा संसार मांडला जातो. एका बाजूला मातीची पत्रं, म्हणजे देशोदेशीच्या शास्त्रज्ञांशी चाललेले वाद. मधे शांततेची पत्रं. ती वकिलातींना, मंत्र्यांना आणि कुठल्याशा देशांच्या सेनापतींना जातात. तिसरी कॉलेजची पत्रं. कुठल्याही मुलखात एखाद्या प्राध्यापकाला बोलल्याबद्दल, लिहिल्याबद्दल किंवा नको ते शोधून काढल्याबद्दल घरी बसवलं की तिथल्या कुलगुरूंना आमच्या आष्ट्याहून पत्र गेलंच. ‘‘दूरदेशी कोणाची नोकरी गेली ते ह्यांना कळतं, आणि घरातला गॅस संपलेला कळत नाही,’’ असं अक्का टेबल पुसता पुसता म्हणतात. पुसायला जागा कागदांमुळे फारशी नसतेच. संगणक घरात आहे, पण पत्र कागदावर आणि पोस्टानंच. त्याचं कारण मी एकदा विचारलं होतं. ‘‘ई-मेल एका बोटानं जातो, पाहुणे. राग आलेला असताना माणसाच्या हाताशी इतकी सोय असू नये,’’ असं ते म्हणाले होते.

इथवर चाललं असतं. निवृत्त माणसं याहून वाईट नाद लावून घेतात. पण सरांचा एक नियम होता आणि त्या नियमानं आमचा जीव खाल्ला. पत्र पाकिटात घालण्याआधी ते मोठ्यानं वाचून दाखवायचं, आणि तेही ज्याला ते पटणार नाही त्याला. हे खूळ त्यांनी शेतातून आणलेलं. माती तपासायला गेले की शेतकरी ज्या तुकड्याला ‘हितली माती एक नंबर हाय’ म्हणेल, तिथला नमुना ते आधी घेत. आपल्या म्हणण्याला जिथं धक्का बसेल तिथं आधी जायचं, असं त्यांचं म्हणणं. एका परदेशी प्राध्यापकाचं सगळं संशोधन खोडून काढणारं पत्र त्यांनी लिहिलं, आणि ते न पटणारा माणूस वाळवा तालुक्यात सापडेना. मग त्यांनी त्या प्राध्यापकालाच फोन लावला. तिकडे काय वाजले असतील याचा विचार न करता, त्याच्यावरची टीका त्याला अथपासून इतिपर्यंत वाचून दाखवली, आभार मानले आणि पत्र पोस्टात टाकलं. उत्तरात त्या गृहस्थानं लिहिलं होतं की मजकूर आपण आधीच ऐकलेला आहे.

शांततेच्या पत्रांसाठी मात्र विरोधक शोधावा लागत नसे. तो घरातच होता. सरांचे थोरले भाऊ, सुभेदार, सैन्यातून निवृत्त होऊन त्याच घरात शेजारच्या खोलीत राहायचे. आमच्या भागात घरटी एक माणूस फौजेत. तिथं शांततेची पत्रं लिहिणं म्हणजे पैलवानाच्या घरात उपासाचे फायदे सांगण्यासारखं आहे. रोज सकाळी सुभेदार भाकरी चुरून दुधात घालत आणि सर समोर उभे राहून पत्र वाचत. पहिल्या ओळीपासून सुभेदारांचा चेहरा तापत जाई. ‘‘बाळू, कवा सीमेवर गेलायस का रं तू?’’ हा त्यांचा ठरलेला प्रश्न. पण ऐकायचे मात्र पुरतं. आणि चूक दिसली की सोडायचे नाहीत. ‘‘ह्या घाटातनं रणगाडा जातोय व्हय? खुळा का काय? खोड ते.’’ सर खोडायचे. त्यामुळे आमच्या सरांच्या शांततेच्या पत्रांत लढाईचा तपशील जितका अचूक असे, तितका खुद्द सेनापतींकडे नसेल. एकदाच एका वकिलातीतून उत्तरादाखल नवीन वर्षाचं कॅलेंडर आलं. सुभेदारांनी ते गोठ्यात नेऊन लावलं. म्हणाले, ‘‘म्हशीला तरी शांतता मिळू दे.’’

मागं सीमेवर तणाव वाढला होता, तेव्हा सरांचं एक पत्र कोणीतरी मोबाइलवर फिरवलं. त्याच्याखाली गावातल्यांनी काय काय लिहिलं ते इथं सांगण्यासारखं नाही. एका सकाळी चार-पाच तरणी पोरं मोटारसायकली घेऊन दारात आली आणि ‘देशद्रोह्या बाहेर ये’ म्हणून ओरडायला लागली. अक्कांनी मला फोन केला. मी दुकान उघडं टाकून पळालो. पोचलो तो सुभेदार बनियनवर दारात उभे होते आणि पोरं गप्प होती. सुभेदार म्हणत होते, ‘‘त्यो चुकतोय हे मला म्हाईत हाय. रोज सांगतोय त्याला. पर ह्या घरात त्याला शिव्या द्यायचा मान माजा हाय. तुमी निगा.’’ पोरं निघून गेली. सर आतून चष्मा पुसत आले आणि विचारू लागले, ‘‘त्यांना पत्र पूर्ण वाचून दाखवलं असतं तर? अर्धंच आलंय त्यांच्याकडे.’’ मला त्या क्षणी त्यांना खोलीत कोंडून कडी घालावीशी वाटली.

आता मुख्य गोष्ट. सरांची शेवटची विद्यार्थिनी आटपाडीची. तिकडच्या कोरड्या माळावरची मुलगी, पाण्याची किंमत जाणणारी, बोलायला कमी आणि कामाला चिवट. सरांच्याच कॉलेजात ती लागली होती, पण अजून कायम झालेली नव्हती. तिनं तिथल्या साखर कारखान्याच्या खालच्या अंगाच्या विहिरी तपासल्या आणि शोधनिबंध लिहिला की मळी मिसळलेलं पाणी रानात सोडल्यामुळे त्या विहिरी खारट होत चालल्या आहेत. शोधनिबंध छापून आला. त्या कारखान्याचे चेअरमन तेच कॉलेजच्या संस्थेचे अध्यक्ष. आणि माझं मेडिकल ज्या इमारतीत आहे, तिचे मालकही तेच. म्हणजे मी कसा झोपत होतो ते समजून घ्या.

तिला नोटीस आली. सोमवारपर्यंत शोधनिबंध मागे घेत असल्याचं लिहून द्या, नाहीतर नोकरी संपली. ती नोटीस घेऊन थेट आष्ट्याला आली. सरांनी ती वाचली, कुठलंही पत्र वाचावं तशी शांतपणे, आणि विद्यापीठाला पत्र लिहायला घेतलं. आम्ही सगळे भोवती उभे. पत्र झालं. मग सरांनी टोपण लावलं आणि म्हणाले, ‘‘हे चेअरमनना वाचून दाखवायला हवं. उद्या रविवार आहे, ते घरी असतील.’’

माझ्या बायकोनं माझ्याकडं असं पाहिलं, की जणू हा नियम मीच काढला होता. मी म्हणालो, ‘‘सर, एवढं एक पत्र गुपचूप टाका. पाया पडतो.’’ सुभेदार सुद्धा म्हणाले, ‘‘बाळू, शत्रूला आदी सांगून हल्ला करतंय का कोन?’’ सर म्हणाले, ‘‘दादा, हा हल्ला नाही.’’ मग ती मुलगीच बोलली. ‘‘सर, माझ्यासाठी नियम मोडा. वाचून दाखवलं तर ते चिडतील. मला नोकरी पाहिजे. घरी सगळं माझ्यावर आहे.’’

सरांनी पत्र टेबलावर ठेवलं. मी त्यांना इतकं कासावीस झालेलं कधी पाहिलं नव्हतं. ‘‘मग निबंध मागे घे,’’ ते म्हणाले. ‘‘मी तुला एक शब्द बोलणार नाही. खरंच सांगतो. नोकरी तुझी आहे, नाव तुझं आहे. हे पत्रही तू म्हणालीस तर फाडतो.’’ बाहेर म्हैस ओरडत होती, तिच्याकडे कोणी गेलं नाही. शेवटी ती मुलगी म्हणाली, ‘‘पण सर, विहिरी खारटच आहेत.’’ आणि मग, ‘‘मी पण येते उद्या.’’

दुसऱ्या दिवशी माझ्या औषधं आणायच्या गाडीतून आम्ही निघालो. पुढे मी आणि सर. मागे सलाइनच्या खोक्यांवर ती मुलगी. गाडी सुरू केली तोच सुभेदार आले. अंगात कोट, छातीवर सगळी पदकं, पायात चकाकते बूट. त्यांना कोणी बोलावलं नव्हतं. ‘‘सरक गं पोरी,’’ म्हणाले आणि खोक्यावर ताठ बसले. वाटेत मी मनातल्या मनात दुकानासाठी दुसरा गाळा शोधत होतो.

चेअरमनच्या बंगल्याच्या पडवीत माणसं भरली होती. कोणाची बदली, कोणाची उसाची तोड, कोणाची सोयरीक. सरांना पाहून चेअरमन उठले. काही झालं तरी त्यांच्या मुलाला सरांनीच शिकवलं होतं. ‘‘या सर. काय काम काढलं?’’ सर म्हणाले, ‘‘तुमच्याविरुद्ध विद्यापीठाला पत्र लिहिलंय. तुम्हाला ते पटणार नाही. म्हणून आधी तुम्हाला वाचून दाखवायला आलोय.’’ पडवीतली सगळी माणसं आमच्याकडं वळली. चेअरमननी लोकांकडं पाहिलं, पदकांकडं पाहिलं, आणि म्हणाले, ‘‘वाचा.’’

सर उभे राहून वाचू लागले. घरी वाचतात तसंच, ना आवाज चढवला, ना उतरवला. विहिरी कुठल्या, तपासणी कशी केली, आणि तपासणाऱ्याचं तोंड बंद केल्यानं पाणी गोड होत नाही, हे सगळं. चेअरमनचा चेहरा दगडासारखा होता. मधेच त्यांनी हात वर केला. ‘‘काय म्हनला? कारखान्यानं मुद्दाम पाणी सोडलं? मुद्दाम न्हाई सोडलं सर. शेतकरी मागत हुते, फुकट पाणी म्हनून. त्या विहिरींतली एक माजी हाय. आमच्या जुन्या मळ्यातली. आई हुती तवर तिचंच पाणी प्यायचो आमी. आता तोंडात धरवत न्हाई.’’

सरांनी खिशातून पेन काढलं. ‘‘बरोबर आहे. ‘मुद्दाम’ला माझ्याकडे पुरावा नाही,’’ असं म्हणून त्यांनी तो शब्द भर पडवीत खोडला आणि पुढे वाचू लागले. वाचून झालं. चेअरमन सरांशी बोललेच नाहीत. ते सुभेदारांकडे वळले. ‘‘सुभेदार, तुमी देशासाटी लडलेला माणूस. तुमाला पटतंय ह्ये, घरच्या मानसानं असं उंबऱ्यात येऊन सुनवायचं?’’

सुभेदार उभे राहिले. ‘‘मला ह्याचं काय बी पटत न्हाई,’’ ते म्हणाले. ‘‘शांतता तर बिलकूल न्हाई. रोज सकाळी माजी भाकरी कडू करतोय ह्यो. पर आजवर मी एकदा बी उठून गेलो न्हाई. ऐकून घेतोय. त्यानं काय मेलो न्हाई मी. ह्या पोरीचं तुमी बी ऐका.’’ आणि खाली बसले. बसताना त्यांचे गुडघे कुरकुरले, ते सगळ्यांना ऐकू गेलं.

चेअरमन नुसतं ‘बघू’ म्हणाले. परतताना मी सरांना म्हणालो, ‘‘आता ते विचार करतायत. निदान दोन दिवस पत्र राहू द्या.’’ सरांना आश्चर्य वाटलं. ‘‘वाचून दाखवलं म्हणजे पाठवायचं नाही, असं कुठं ठरलंय?’’ त्यांनी पोस्टाच्या पेटीजवळ गाडी थांबवायला लावली आणि पत्र टाकलं. सोमवार गेला. त्यानंतरचे दिवस कसे काढले ते आमचं आम्हाला ठाऊक. दुकानात फोन वाजला की मला तो गाळा सोडायला सांगणाराच वाटे, आणि अक्का रोज विचारत, काही कळलं का. शेवटी संस्थेचं पत्र आलं: नोटीस मागे घेतली आहे, मात्र तिची बदली शिराळ्याच्या शाखेत करण्यात येत आहे. तिथल्या प्रयोगशाळेला प्रयोगशाळा म्हणणं हे धाडसच आहे. पण नोकरी राहिली आणि शोधनिबंध जसाच्या तसा राहिला. ती आता शिराळ्यात मुलांना घेऊन विहिरी तपासत हिंडते. चेअरमननी आपल्या मळ्यातल्या विहिरीचं पाणी बाटलीत भरून गुपचूप तिच्याकडे तपासायला पाठवलं, हे तिनं सरांना सांगितलं आणि सरांनी आनंदानं सगळ्यांना.

सुभेदार गेल्या हिवाळ्यात गेले. त्यानंतर सरांची शांततेची पत्रं थांबली. म्हणजे लिहून होत होती, पण टेबलावरच पडून राहात होती. एकदा न राहवून मी म्हणालो, ‘‘सर, मला वाचून दाखवा.’’ त्यांनी मान हलवली. ‘‘तुम्हाला पटतं, पाहुणे. तुमचा काय उपयोग?’’ मला राग आला. इतकी वर्षं या माणसापायी धास्ती खाल्ली आणि वर हे. दुसऱ्या दिवशी मी दुकान उघडण्याआधी त्यांच्याकडे गेलो, सुभेदारांच्या खुर्चीत बसलो, अक्कांकडून दूधभाकरी मागून घेतली आणि म्हणालो, ‘‘वाचा. मला अजिबात पटणार नाही.’’

तेव्हापासून रोज जातो. मला फौजेतलं काही कळत नाही. तरी घाटात रणगाडा आला की ‘खोडा ते’ म्हणतो, आणि कधीकधी ‘सीमेवर गेलायसा का कवा’ असंही विचारतो. सर चिडतात, भांडतात, आणि पत्र पोस्टात जातं. परवा त्यांनी एक साधंच वाक्य वाचलं, लढाईवरून घरी परत आलेल्या माणसाला झोप का लागत नाही त्याबद्दल. मी सवयीनं म्हणालो, ‘‘हे काही पटत नाही.’’ सर थांबले. चष्मा काढून हातात धरला आणि सुभेदारांच्या खोलीच्या बंद दाराकडे पाहत राहिले.

‘‘हे एक दादाला पटलं असतं हो,’’ ते म्हणाले.