वरचे सूर

भंडाऱ्याजवळच्या शहापूरचे तेजराम मेश्राम झाडीपट्टीतल्या नाटकांत ऑर्गन वाजवायचे. पायानं भाता मारायची ती मोठी पेटी. धान घरात आलं की नाटकमंडळ्या त्यांना गावोगाव घेऊन जायच्या. बाकीचे महिने ऑर्गन घरीच असे आणि त्यांची मुलगी सुमन त्याला चिकटलेली असे. तिचे पाय खाली पुरत नव्हते, तेव्हा भाता बाप मारायचा आणि बोटं ती फिरवायची.

लग्नानंतर थोड्याच दिवसांत सुमनचा नवरा विजेच्या तारेला लागून गेला. ती माहेरी परत आली. भंडाऱ्यातल्या एका खाजगी कन्याशाळेत मुलींकडून समूहगीतं बसवून घ्यायला कुणीतरी हवं होतं. मुख्याध्यापिका सत्यभामाबाईंनी तिला बोलावलं, ऐकलं आणि तात्पुरतं ठेवून घेतलं. सुमनबाईंच्या हाताखाली त्या मुली अशा गाऊ लागल्या की प्रार्थनेच्या वेळी रस्त्यावरचे लोक सायकलवरून उतरून फाटकापाशी उभे राहत.

पण कायम व्हायचं तर संगीताची विशारद परीक्षा पास असायला हवी, असा नियम होता. सत्यभामाबाई म्हणाल्या, "सुमन, तुझी जागा मी किती दिवस धरून ठेवणार? कागद पाहिजे बाई."

सुमन परीक्षांना बसू लागली. शाळा सुटली की एसटीनं घरी यायचं, चूल पेटवायची आणि मग ऑर्गनवर बसायचं. खालच्या परीक्षा एकेक करत ती चांगल्या गुणांनी पास झाली. विशारद तेवढी राहिली.

त्याच वर्षी, म्हणजे ऐंशी सालच्या हिवाळ्यात, तिला खोकला लागला. तो जाईना. एक दिवस वर्गात गाऊन दाखवताना तिनं पदर तोंडाला लावला आणि पदरावर रक्त आलं.

क्षय निघाला. गोळ्या आणि रोज एक सुई असा इलाज ठरला. शाळेनं सांगितलं, बरं झाल्याचा डॉक्टरचा दाखला आणा, मगच वर्गात या. या सुईनं कान जाऊ शकतात, असं डॉक्टरांनी सुरुवातीलाच बजावलं होतं, आणि सुई देणारे कंपाउंडर बाबूलालही दर वेळी विचारत, "कानात शिट्टी वाजते का बाई? चक्कर येते का? आली तर लगेच सांगजो, सुई बंद करावी लागते."

दुसऱ्या महिन्यात शिट्टी वाजू लागली. रातकिडा कानात शिरून बसावा तशी, बारीक आणि न थांबणारी. सुमननं सांगितलं नाही. सुई बंद झाली तर इलाज लांबणार, परीक्षा हातची जाणार, जागा दुसऱ्या कुणाला मिळणार, हे तिला दिसत होतं. बाबूलालनं विचारलं की ती मान हलवून "नाही" म्हणायची.

खोकला कमी झाला. अंगावर थोडं मांस आलं. ती पुन्हा ऑर्गनवर बसू लागली आणि एका सकाळी बापाला म्हणाली, "बाबा, वरचे सूर बसले वाटते. उंदरानं भाता कुरतडला काय?"

तेजरामनं ऑर्गन उघडला. आतल्या, सूर देणाऱ्या पितळी पत्त्या काढून पुसल्या, भाता तपासला, सगळं जागच्या जागी बसवलं आणि वरच्या सुराच्या पट्टीवर बोट ठेवलं.

"बोलून तर राहिला," ते म्हणाले.

सुमन त्यांच्या बोटाकडे पाहत होती. बोट खाली गेलं, पट्टी लाकडावर टेकल्याचा टक् असा आवाज आला. त्यापुढे काही नाही.

"पुन्हा वाजवा."

त्यांनी वाजवला. मग तिच्या तोंडाकडे पाहिलं आणि त्यांचा पाय भात्यावरच थांबला.

"कधीपासून?" त्यांनी विचारलं.

"लय दिवस झाले."

"मंग काहून नाही सांगतलं त्याईले?"

तेजराम तिला तसेच घेऊन दवाखान्यात गेले. डॉक्टरांनी सुई त्याच दिवशी थांबवली, नुसत्या गोळ्या चालू ठेवल्या. ते रागावले, मग शांत झाले आणि म्हणाले, "गेलेलं परत येत नाही. राहिलेलंही टिकेल की नाही, सांगता येत नाही."

तरीही ती नागपूरला परीक्षेला गेली. लेखी पेपर चांगला गेला. प्रात्यक्षिकात तिनं पेटीवर राग वाजवला, तो बोटांच्या सवयीनं, आणि परीक्षक मान डोलवत राहिले. मग ते म्हणाले, "आता माझ्याकडे पाठ करून बसा. मी सूर देतो, तुम्ही ओळखा."

खालचे सूर तिनं ओळखले. मधल्यांपैकी दोन चुकले. त्यानंतर खोलीत काहीच झालं नाही. ती वाट पाहत राहिली. शेवटी तिनं विचारलं, "सर, वाजवलं काय?"

"तीन वेळा," परीक्षक म्हणाले. आवाजात राग नव्हता. "तयारी कमी पडली बाई. पुढच्या वर्षी या."

कानांचं तिनं त्यांना सांगितलं नाही. बाहेर तेजराम बाकावर बसले होते. निकाल त्यांना विचारावा लागला नाही. वरठी स्टेशनावर गाडीतून उतरून दोघं घरी आले.

शाळेत विशारद झालेली नवी बाई आली. सुमन बरी झाल्याचा दाखला घेऊन आली, तेव्हा सत्यभामाबाईंनी धडपड करून तिला शिवणाच्या वर्गात घेतलं. मुली तिच्याकडे काजं-बटणं शिकत. नवी बाई पलीकडच्या खोलीत गाणी बसवायची. सुरुवातीला भिंतीतून काहीतरी पुसट यायचं. दोनेक वर्षांत तेही यायचं थांबलं. माणसाचं बोलणं ती आता ओठांवरून समजून घ्यायची.

शहापूरच्या बुद्धविहारातलं बायकांचं गाणं पूर्वी तिनंच उभं केलेलं होतं. शहाऐंशीच्या भीमजयंतीला कलाबाई तिच्याकडे आली. ती त्या बायकांत सगळ्यात जुनी. समोर उभी राहून, शब्द सुटे करत ती म्हणाली, "तू फक्त समोर उभी राय माय. हातानं ताल दे. आमाले धीर येते."

सुमन उभी राहिली. तेजरामनं सूर धरला. सुमननं हात उचलला, बायकांची तोंडं उघडली आणि पहिलं कडवं नीट गेलं. विहारात दाटी होती, पांढरी लुगडी दारापर्यंत बसली होती. दुसऱ्या कडव्यात गाणाऱ्या पुढे सरकल्या की ती मागे पडली, कोण जाणे. तिचा हात खालीवर होत राहिला. मग तिच्या लक्षात आलं की समोरची सगळी तोंडं मिटलेली आहेत. गाणं संपून गेलं होतं. कुणी हसलं नाही. कलाबाईनं मान खाली घातली होती.

सुमननं हात खाली घेतला, पदर सावरला आणि मागे भिंतीशी जाऊन बसली. तेजरामनं पुढचं गाणं धरलं. त्यानंतर कुणी तिला बोलावलं नाही, आणि तीही गेली नाही.