पोळपाटावरची तालीम

आमची बायकांची नाटकमंडळी पेणमध्ये वीस वर्षं चालली, पण तालमीला एकीचेही हात कधी रिकामे नसायचे. प्रत्येकीच्या काखेत पोळपाट. पोह्याच्या पापडांचं काम घरी घेतलेलं, ते टाकून नाटक कोण करणार? मग गोल बसायचं, पिठाच्या लाट्या वाटून घ्यायच्या आणि लाटता लाटता संवाद म्हणायचे. नाटक बसवायचं काम माझ्याकडे, त्यामुळे जीव मेटाकुटीला यायचा तो माझाच. खुनाच्या प्रसंगात खून करणारीच ऐन वेळी म्हणायची, "तेलाचं बोट दे गो."

रोह्याचा प्रयोग ठरला तेव्हा मी हटूनच बसले. शेवटचे आठ दिवस पोळपाट बंद! सगळ्यात जास्त कटकट केली ती वकिलिणीचं काम करणारीने. ती पेणच्या खाडीकडच्या गावात दिलेली, माहेर रोह्याला लागून असलेल्या वरसे गावचं. चौथीनंतर बापाने तिची शाळा बंद केली होती आणि तोच बाप पहिल्यांदा तिचं नाटक बघायला येणार होता.

"एकदा त्याच्यासमोर काळ्या कोटात उभी राहू दे मला," ती म्हणायची. "पन बाई, लाटनं नसलं तर मला आठवतच नाय."

"नखरे पुरे," मी म्हटलं.

आणि तेच झालं. रोह्याच्या प्रयोगात कोर्टाच्या प्रसंगाला ती उभी राहिली ती गप्पच. विंगेतून मी घसा फुटेस्तोवर वाक्य देत होते, पण बाईसाहेब ढिम्म. समोर पहिल्या रांगेत बाप. मला तर तिची मान मुरगाळावीशी वाटत होती. मग तिने टेबलावरची कागदांची सुरळी दोन्ही तळव्यांखाली घेतली, वाकली आणि पुढे-मागे फिरवू लागली. वाक्यं धडाधड आली, एक शब्द चुकला नाही. लोकांना वाटलं, वकिलीण तावातावाने बोलते ती अशीच. टाळ्या पडल्या.

प्रयोग संपल्यावर बाप आत आला. ती अजून कोटातच होती, चेहरा नुसता फुललेला. तो मात्र माझ्याकडे वळला.

"बसवा जरा तिला, बाई. दमलीय पोर."

"बाबा, मी वकील होते!" ती उसळून म्हणाली.

"व्हय गो," म्हाताऱ्याने तिचे तळवे हातात घेतले. "पन लाटनारे हात तुझेच व्हते ना."