गुळाला आलेला रबराचा वास

ती घटना मला आजही लख्ख आठवते. शाहूवाडीकडे जाणाऱ्या रस्त्यालगतच्या एका गुऱ्हाळावरून आमच्या पोलीस ठाण्यात फोन आला. "साहेब, चुलीत जाळ घालणारा गडी पडलाय, दवाखान्यात नेलाय. मालक म्हणतोय दारू प्यालाय, पण त्यो पीतच न्हाय." नाव न सांगताच फोन ठेवला. ठाणे अंमलदाराने स्टेशन डायरीला नोंद घेतली. मी आधी दवाखाना गाठला.

गडी बेशुद्ध होता. बाहेर त्याची बायको तोंडाला पदर लावून बसलेली. डॉक्टर म्हणाले, "दारू नाही. विषारी वायू छातीत गेलाय. कशाचा, ते लवकर कळू द्या, उपचार त्यावर ठरतील." जीप तशीच गुऱ्हाळाकडे पळवली.

मालकाचं एकच पालुपद, "दारूच की साहेब, दुसरं काय!" बाकीचे माना डोलवत होते. पण मला एक गोष्ट खटकली. आमच्याकडे गुऱ्हाळावर वैरी गेला तरी आधी त्याच्या हातावर गरम गूळ पडतो. त्या दिवशी मला कोणी विचारलंसुद्धा नाही. मी मागितला, तर गूळ तयार करणारा गुळव्या जागचा हलेना. शेवटी मीच खडा उचलून नाकाशी नेला. रबराचा उग्र वास!

गुळव्याला बाजूला घेतलं. "पडलेला गडी तुझा कोण?"

"भैनीचा नवरा."

"अरे लेका, तो तिकडं श्वासासाठी तडफडतोय आणि तू इथं गप्प?"

त्याला रडू फुटलं. "अवकाळी पावसानं जाळायची उसाची चिपाडं भिजली, साहेब. म्हणून चपलांच्या कारखान्यातनं रबराच्या कातरणाची पोती आणली. जाळापाशीच ठेवलती. रबर जाळायला बंदी हाय, बोललो असतो तर ऐन हंगामात गुऱ्हाळ बंद पडलं असतं की!"

चूल जमिनीखालच्या खड्ड्यात होती. पोती पेटली नव्हती, म्हणून कोणाला धोका वाटला नाही. पण नुसतं तापून वितळणारं रबरही विषारी वायू सोडतं. आणि आता त्याच खड्ड्यात दुसरा गडी उतरलेला! त्याला ओढून वर काढलं, तेव्हा तो उभाही राहू शकत नव्हता. डॉक्टरांना फोनवर सगळं कळवलं, मग पंचनामा केला आणि मालकावर गुन्हा नोंदवला.

दोघेही वाचले, देवाची कृपा. गुळव्या दवाखान्यात आला, तेव्हा बहिणीने एवढंच विचारलं, "दादा, तुला ठावं हुतं?"

त्याने मान खाली घातली. खोटं बोलणारी माणसं मला नोकरीत रोज भेटली, त्यांची कधी भीती वाटली नाही. त्या दिवसापासून मात्र चौकशीत जो मान खाली घालून गप्प राहील, त्याला मी सगळ्यांत आधी बाजूला घेऊ लागलो.