तूबाची गळकी गाडी

तूबाची गाडी गळते हे अनारबाग गावात शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. जुनी पांढरी पेकान, नवरा बहमन गेल्यावर तिच्याकडं आलेली. सकाळी गावातल्या पोरींना भरून शहरातल्या हायस्कुलात सोडायचं, दुपारी परत आणायचं, हा तूबाचा धंदा. गावातली शाळा नववीला संपते. पुढं शिकायचं तर तूबाची गाडी, नाहीतर घरी बसून गालिचे विणायचे.

आणि ही भवानी इंजिनचं पाणी गाळायची. घाट लागला की तापमानाचा काटा लाल पट्ट्यात, बोनेटमधून वाफ, आणि पोरी रस्त्याच्या कडेला वाऱ्यात कुडकुडत उभ्या. पुन्हा एकदा तसं झालं तेव्हा मश्दी कुर्बान दारात आला. दोन पोरींचा बाप, आणि तोरा असा की गाव यानंच वसवलं.

"तूबा, शनिवारी परीक्षा सुरू. त्या दिवशी गाडी बंद पडली तर पोरी कायमच्या घरी. माझ्याच नाही, सगळ्यांच्या. आम्हा बापांचं ठरलंय."

"आणि नाही पडली तर?"

"तर जातील की." तो हसला. "पण पडेलच ना गं."

तूबाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तशीच गाडी घेऊन ती उस्ता फरामर्जच्या गॅरेजात गेली. उस्तानं आधीच रेडिएटर बदलला होता, पंप बदलला होता, पुढचे पाइपही बदलले होते. त्यानं बोनेट उघडून बोट फिरवलं. सगळं कोरडं ठणठणीत.

"बहीण, हिला गळायला आता जागाच उरली नाही. डोकं उघडावं लागेल."

"कुणाचं?"

"इंजिनचं!"

"आधी तुमचं उघडा, उस्ता."

उस्ता बिचारा हसला. "रात्री गाडीखाली पुठ्ठा अंथरायला सांगितला होता ना मी? तूच म्हणालीस, सगळाच भिजला म्हणून. मग मी काय ओळखणार कुठून गळतंय ते?"

ते खरंच होतं. पुठ्ठा रोज सगळाच भिजायचा. का भिजायचा, ते तिला दुसऱ्या सकाळी कळलं, तेही गाडीच्या आरशात. गाडी अंगणातून निघाली, आणि मागं सासूनं, बीबीजाननं, वाडगंभर पाणी फेकलं. निघालेला माणूस सुखरूप परतावा म्हणून घरोघरी फेकतात तसंच. फक्त बीबीजानच्या गुडघ्यांना फाटकापर्यंत येववत नव्हतं, म्हणून ती जिथं गाडी उभी होती तिथंच फेकायची. थेट पुठ्ठ्यावर!

"हात्तिच्या!" तूबानं करकचून ब्रेक दाबला.

संध्याकाळी ती सासूला म्हणाली, "बीबीजान, उद्या पाणी टाकायचं नाही."

म्हातारीचा चेहरा पांढराफटक पडला. "बहमन गेला त्या सकाळी मी शेजारच्या बाळंतिणीकडं होते. पाणी टाकायला घरात नव्हते. आणि मला सांगतेस टाकू नका?"

तूबा तिच्याशेजारी टेकली. "बहमनला ट्रकनं नेलं, बीबीजान. कोरड्या जमिनीनं नाही."

म्हातारी त्या रात्री जेवली नाही. तूबालाही घास गेला नाही, पण तिनं नवा पुठ्ठा मात्र अंथरला.

शुक्रवारी शाळा नसते. तरी उजाडताच तूबानं गाडी फाटकाबाहेर काढली. बीबीजान पायरीवर भरलं वाडगं मांडीवर घेऊन बसली होती. हात उचलला, थांबला, आणि मग तिनं असा काही आवाज दिला की शेजारच्या कोंबड्या फडफडल्या.

"अगं ए तूबा! मी थेंबही सांडला नाही हं! मग हे ओलं कुणी केलं?"

पुठ्ठ्यावर ताटलीएवढं ओलं होतं आणि तिथून ओघळ गेला होता. जागा रेडिएटरखालची नव्हतीच, पार मागची होती. तूबानं बोनेट उघडून इंजिनच्या मागं, जिथं हातही धड जात नाही तिथं, चाचपलं. हीटरचा रबरी पाइप शिळ्या रोटीसारखा कडक झालेला. रात्री गारठा पडला की क्लिपपाशी फट पडायची आणि पाणी जायचं. इंजिन तापलं की रबर फुगून फट बंद! उस्ताकडं पोचेपर्यंत चोर साव होऊन बसलेला. आणि तूबा पाणी भरायची संध्याकाळी, सकाळी घाईत बघायचीच नाही.

तिनं पाइपाचं कडक टोक कापलं, पुन्हा चढवलं, नवी क्लिप आवळली. बोटांची सालटी निघाली, पण तोंडानं ती त्या पाइपाच्या सात पिढ्यांचा उद्धार करत होती. बीबीजानही भर घालत होती.

शनिवारी पहाटे जमीन कोरडी होती. मश्दी कुर्बान पोरींना घेऊन आला, गुडघ्यावर बसला, गाडीखाली हात घालून पाहिलं. बोटं कोरडीच निघाली.

"गाडीचं ठीक आहे," तो धूळ झटकत म्हणाला. "पण त्या रस्त्यानं एकटी बाई पोरी घेऊन... लोक बोलतात."

"अस्सं! म्हणजे पाणी इथं मुरत होतं होय?" तूबा त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली. "गळती होती तोवर तुम्हाला तोंड लपवायला जागा होती, मश्दी. ती मी बुजवली. आता बोला, लोक कोण? नाव घ्या."

तूबानं गाडी सुरू केली तर मश्दी फाटकात मधोमध उभा राहिला. तेवढ्यात त्याचीच थोरली, माहरुख, बापाला वळसा घालून पुढच्या सीटवर येऊन बसली. धाकटी मागून शिरली. माहरुखनं काच खाली केली. तिचा आवाज कापत होता, पण शब्द नाही कापले.

"बाबा, बाजूला व्हा. माझा पेपर आहे."

तूबानं क्लच सोडला. गाडी वीतभर पुढं सरकली. मश्दीनं लेकीकडं पाहिलं, तूबाकडं पाहिलं, आणि बाजूला झाला.

"दुपारी वेळेवर आण," तो पुटपुटला.

"आणीन. आणि उद्या पुन्हा नेईन."