मिरकरवाड्यात रेड हेरिंग

हसणार नसाल तर सांगते. बरं, हसा, पण आधी चहा खाली ठेवा. हे सांगताना अजून माझेच कान गरम होतात.

मी तेव्हा रत्नागिरीत लॉच्या दुसऱ्या वर्षाला होते. घरोघरी इंटरनेट यायला अजून अवकाश होता. मुंबईच्या एका बड्या कॉर्पोरेट फर्ममध्ये मला इंटर्नशिप मिळाली, आणि तीही रत्नागिरीत बसून करायची! मुंबईत राहायची सोय नव्हती, म्हणून मी पत्रांवर पत्रं पाठवली. शेवटी तिथल्या मेहता मॅडम कंटाळल्या आणि म्हणाल्या, "ठीक आहे, ईमेलवर कर काम."

फर्ममध्ये असं आधी कधी झालं नव्हतं. आमच्या प्राचार्यांनी मला बोलावून दोनदा बजावलं, "हे बघ, तू नीट केलंस तर पुढच्या पोरांना दार उघडेल. नाहीतर रत्नागिरीचं नाव काढलं की फोन ठेवतील ते."

माझं ऑफिस म्हणजे मारुती मंदिराजवळचं सायबर कॅफे आणि घरचा लँडलाइन. दोन महिने मी करारांतले स्वल्पविराम तपासले. आणि एका शुक्रवारी मेल आला. खरं काम!

क्लायंट आमच्याच रत्नागिरीची मासळी निर्यात करणारी कंपनी. शेअर बाजारात उतरणार होती. मॅडमनी लिहिलं होतं, ‘रेड हेरिंग तपासून त्यातल्या धोक्यांची यादी कर. सोमवारी अकराला फोनवर बोलू.’ सोबत एक फाइल होती. ती कॅफेवाल्याने तीनदा उतरवून बघितली, तिन्ही वेळा अर्ध्यात अडकली. मला वाटलं, अहवालाचा नमुना असेल, तो तर माझ्याकडे आहे.

घरी येऊन शब्दकोश उघडला. हेरिंग : एक प्रकारचा समुद्री मासा. आणि रेड कोणाला कळत नाही?

आता तुम्ही म्हणाल, मॅडमना एक फोन करायचा होता! अहो, पहिलंच खरं काम, आणि मी विचारू, की मासा कसा दिसतो म्हणून? रत्नागिरीची असून?

पण खरं सांगते, मला खरंच माहीत नव्हतं. आमचं घर शुद्ध शाकाहारी. बाबा शाळेत गणित शिकवायचे. सुरमई आणि बांगडा यांतला फरक मला आजही खात्रीने सांगता येणार नाही.

म्हणून शनिवारी वही घेऊन मी मिरकरवाडा बंदरावर गेले. तिथे इब्राहिमचाचांची बोट होती. त्यांचा मुलगा बाबांचा विद्यार्थी, त्यामुळे ओळख होती.

"चाचा, आपल्याकडे लाल हेरिंग मिळते?"

चाचा जाळं विणायचे थांबले. "हेरिंग मी जहाजावर असताना खाल्लीय. आपली काटेरी करली तिच्याच भावकीतली समज. पन ती चांदीसारखी पांढरी. लाल म्हणशील तर तांबोशी. लाल हेरिंग कुनी सांगितली तुला?"

"मुंबईच्या वकिलांनी."

"वकील सांगतात तर असंल बाय!"

शेजारच्या बोटीवरचा तांडेल म्हणाला, त्याच्या आज्याने जयगडच्या बाजूला एकदा बघितली होती. हातभर लांब आणि लालभडक. तिसऱ्याने ती दोन हात केली. मी सगळं लिहून घेतलं, नावानिशी. साक्षीदार म्हणून!

संध्याकाळपर्यंत बंदरावर बातमी झाली, की मुंबईची कंपनी लाल मासा शोधत्ये आणि मास्तरांची मुलगी तिची एजंट आहे.

रविवारी सकाळी बाबा पूजेला बसले होते. दारात बंदरावरची माणसं, तीन टोपल्या घेऊन! एकीत तांबोशी, दुसरीत गुलाबी राणी मासा, तिसरीत कसलंतरी लालसर, डोळे वटारलेलं. त्यांच्यामागे आळीतली सगळी मांजरं.

बाबा सोवळ्यात बाहेर आले. त्यांनी टोपल्यांकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"सायले, तू नक्की कायदाच शिकत्येस ना?"

"बाबा, फील्डवर्क आहे!"

तेवढ्यात एका बोक्याने राणी मासा उचलला आणि थेट तुळशीवृंदावनावर चढला. मी हात जोडून मंडळींना परत पाठवलं. बाबांनी पुन्हा आंघोळ केली.

दुपारी मी कॅफेत बसून चार पानी इंग्रजी अहवाल लिहिला. धोका पहिला, करलीसारखे बारीक काटे, घशात अडकतात. दुसरा, बर्फ कमी पडला तर माल दुपारपर्यंत टिकत नाही. तिसरा, लोडशेडिंगमुळे बर्फाचे कारखाने बंद पडतात. चौथा, हा मासा हयात असलेल्या एकाही तांडेलाने स्वतः पाहिलेला नाही, तेव्हा क्लायंटने त्याच्या भरवशावर शेअर बाजारात उतरू नये. पाचवा, मांजर. हे मी स्वतः पाहिलं होतं. पाठवून दिला.

सोमवारी अकराला फोन वाजला. तिकडे स्पीकरवर मेहता मॅडम, त्यांचे मोठे साहेब आणि कंपनीचे मालक. मॅडमनी अहवाल न वाचताच पुढे पाठवला होता. साहेबांनी मालकांसमोर तो थेट शेवटच्या पानापासून वाचायला घेतला.

"पाचव्या मुद्द्यात कॅट लिहिलंय. सरकारी नोकरांच्या न्यायाधिकरणाचा इथे काय संबंध?"

वकील लोक त्या न्यायाधिकरणाला कॅट म्हणतात, हे मला कुठे ठाऊक!

"सर, ते मांजर आहे," मी म्हटलं.

पलीकडे पानं उलटल्याचा आवाज. मग मॅडमचा अगदी बारीक आवाज, "सायली, तू फाइल उघडलीस का गं?"

"नाही मॅडम, उतरली नाही."

आणि मग त्यांनी मला समजावलं, शाळेतल्या बाई समजावतात तसं. शेअर विकायच्या आधी कंपनी स्वतःची सगळी माहिती देणारी पुस्तिका काढते. तिच्या मसुद्याला रेड हेरिंग म्हणतात. ती पुस्तिका असते. तिला काटे नसतात.

मला प्राचार्यांचा चेहरा दिसायला लागला.

तेवढ्यात मालक खो खो हसले. "साहेब, पोरीचा बर्फाचा मुद्दा खरा हाय हां. लोडशेडिंगने आमचं किती कंटेनर गेलं! तुमच्या तीनशे पानांत ते कुठं हाय?"

पुन्हा पानं उलटली. साहेब म्हणाले, "नाही आहे."

तर मंडळी, बर्फ आणि लोडशेडिंग छापील पुस्तिकेत गेले. मांजर वगळलं. पुढच्या वर्षी आमच्या कॉलेजची दोन पोरं त्या फर्मने घेतली, फक्त आधी फाइल उतरते का ते विचारून.

मला वाटलं, संपलं. दोन वर्षांनी मुंबईत नोकरीसाठी मुलाखतीला गेले. वेगळी फर्म, वेगळी माणसं, कोणी ओळखीचं नाही. त्यांनी विचारलं, रेड हेरिंग म्हणजे काय? मी कलमांसकट असं धडाधड उत्तर दिलं की समोरच्या बाई खूश झाल्या. फाइल बंद करून त्या पुढे झुकल्या.

"एक शेवटचं. तो अहवाल आमच्याकडेही फिरत फिरत आला होता. माझे सासरे विचारत होते, करलीचे काटे नक्की काढतात कसे हो?"